ट्रेमोलोला पाचर मारली: माझा अनुभव

आमच्या बँडची निम्मी गाणी ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सर्वात जाड तार एक स्वर उतरवून, आणि माझी गिटार स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची, तरंगत्या ट्रेमोलो ब्रिजची: तारा जिथे अडकतात तो ब्रिज दांडीने (आर्मने) हलवून स्वर खालीवर करता येतो. या दोघांचं जमणं अवघडच. असा ब्रिज तराजूसारखा असतो: एकीकडून सहा तारांचा ताण, दुसरीकडून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगांचा. जाड तार ईवरून डीला उतरवली की तारांचा ताण घटतो, स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात. त्या उतरवाव्यात, तर जाड तार पुन्हा हलते. स्टेजवर हे चालू असताना गायकाने विनोद तरी किती सांगायचे?

टेलिकास्टरसारखी फिक्स्ड (न हलणाऱ्या) ब्रिजची गिटार घे, असं सगळे म्हणत होते. पण या गिटारची नेक हाताला बसलेली आणि खिशाचाही प्रश्न होताच. शिवाय स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली ती ट्रेमोलोसकट, तरी खुद्द प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन तो लाकडाने बंद करून वाजवतो. मग मीही तेच ठरवलं.

मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत तीन स्प्रिंगा होत्या, आणखी दोन लावल्या. त्या ज्या पट्टीला अडकतात तिचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत गेले. दर वेळी तारा चढतात. त्या सुरात आणायच्या, मग पुन्हा आवळायचं. कंटाळवाणं काम आहे. ब्रिज बॉडीला नीट टेकलाय का, हे बघायला त्याच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवली आणि जीची तार बोटाने आडवी ओढून पूर्ण स्वर चढवली (बेंड केली). पट्टी अलगद निघून आली, म्हणजे ब्रिज अजून उचलत होता. पुढे कधीतरी बेंड धरून ओढली तेव्हा कागद फाटला, पण सुटला नाही.

खरं तर इथे थांबलं तरी भागतं. आर्म खाली दाबता येतो, तार तुटली तरी बाकीच्या चढत नाहीत. ज्यांना अधूनमधून आर्म लागतो त्यांनी इथेच थांबावं. मला तो नकोच होता. म्हणून ब्रिजखालचा धातूचा ठोकळा आणि पोकळीची मागची भिंत यांच्यातलं अंतर मोजून सुतारकाकांकडून सागवानाचा तुकडा घेतला. "गिटारच्या पोटात लाकूड कशाला?" काकांनी विचारलं, पण तुकडा रंधून दिला तो असा की अंगठ्याने दाबल्यावर घट्ट बसला.

ब्रिज खाली आल्यामुळे तारा फ्रेटना (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासू लागल्या होत्या. अ‍ॅलन कीने सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते छोटे तुकडे) वर घेतले, मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं हलकं स्पर्शून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवत इंटोनेशन लावलं, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर यावा. दाबलेला स्वर चढा आला की सॅडल मागे.

पाचर मारल्यावर सस्टेन (स्वर टिकून राहणं) वाढतो म्हणतात. माझ्या कानाला तरी फरक कळला नाही. ड्रॉप डीला मात्र आता एकच खुंटी फिरवावी लागते.