तुम्ही विचारलंत म्हणून: इझ्निकच्या टाइल्सवरची फुलं खरी का?

तुर्कस्तानातल्या इझ्निक गावच्या जुन्या टाइल्सचे फोटो दाखवले की हमखास विचारलं जातं, "ही फुलं खरी आहेत? ट्युलिप असं सुरीच्या पात्यासारखं कुठे असतं?"

असायचं. आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हॉलंडचं गुबगुबीत, पेल्यासारखं ट्युलिप. इस्तंबूलच्या बागांत मान होता तो लांब, टोकदार पाकळ्यांच्या फुलाला.

पण सगळीच फुलं बागेतली नाहीत. १६व्या शतकात इस्तंबूलच्या ऑटोमन सुलतानाच्या चित्रशाळेचा प्रमुख होता इराणमधल्या तब्रीझहून आलेला शाह कुली. त्याच्या शैलीतली करवती कडांची वळणदार पानं आणि कमळासारखी फुलं कुठल्याच मातीत उगवत नाहीत. त्याच्यानंतर शिष्य कारा मेमी प्रमुख झाला, आणि ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ अशी ओळखीची फुलं नक्षीत फुलू लागली. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. मला तर वाटतं, त्या कल्पनेतल्या पानांशिवाय खरी फुलं नुसती खोचून ठेवल्यासारखी दिसली असती. वारा त्या पानांत आहे.

नक्षी उतरवायची रीत ओळखीची वाटेल. कागदावरच्या रेघांना सुईने भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड फिरवायची. आपल्याकडे भरतकामासाठी करतात तसंच. मग काळी रेघ, निळा, फिरोजी, हिरवा रंग, वर पारदर्शक झिलई आणि भट्टी.

आणि तो लाल! त्याच्यासाठीच मी एवढं बोलते. इतर रंग सपाट बसतात. लाल मात्र लोहयुक्त मातीचा, जाड थरात दिलेला. म्हणून तिरक्या उजेडात कार्नेशनच्या पाकळ्या चक्क उठून आलेल्या दिसतात. १५५७ च्या सुमारास इस्तंबूलच्याच सुलेमानिये मशिदीच्या टाइल्सवर तो झळकला. १७व्या शतकात तो तपकिरी पडत गेला, आणि नुसता रंगच नाही, रेघही ढिली झाली.

इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीत वीस हजारांहून जास्त टाइल्स आहेत. तरी एकच जागा सांगायची तर मी रुस्तम पाशाच सांगेन. खाली बाजाराची दुकानं, वर मशीद. अरुंद जिना चढून वर गेलात की आत शिरायची घाई करू नका. बाहेरच्या ओसरीतल्या भिंतीपाशीच थांबा.