आकृती काढून नावे द्या

आमच्या बाहेरच्या खोलीत एक तैलचित्र आहे. तीन फूट उंच, दोन फूट रुंद. घरी येणारा माणूस बसता बसता त्याच्याकडे बघतो, मान जरा तिरकी करतो आणि दोन मिनिटांच्या आत विचारतो, "हे काय आहे?"

"कर्दळ," मी सांगतो.

"कुठे?"

ह्या 'कुठे'ला माझ्याकडे उत्तर नाही. चित्रात डाव्या कोपऱ्यातून वर चढत गेलेला एक हिरवा लोट आहे, इतका गडद की संध्याकाळी तो काळाच दिसतो. मधोमध शेंदराकडे झुकणारा लाल, चाकूने थापलेला. तिरका उजेड पडला की त्या थराची स्वतःची सावली पडते. खाली उजवीकडे राखाडी मोकळी जागा, तीही रंगवून मग खरवडून काढलेली, त्यामुळे कापडाची वीण दिसते. पान म्हणावं असं पान नाही, देठ म्हणावा असा देठ नाही. आजवर लोकांनी त्यात वणवा पाहिला आहे, कोंबडा पाहिला आहे, आणि एका गृहस्थांनी सुजलेला घसा पाहिला आहे. मला सगळ्यांत पटलेलं मत शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीचं. ती म्हणाली, "इथून आत्ताच कोणीतरी पळून गेलंय."

चित्र आमच्या बाईंचं आहे. बाई म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या बाई. त्या आम्हाला शिकवायच्या तेव्हा त्यांच्या हातात खडू असायचा आणि फळ्यावर फुलाचा उभा छेद अशा ऐटीत उतरायचा की डस्टर फिरवताना जीव हळहळावा. आमच्या वह्यांकडूनही त्यांची तीच अपेक्षा. पेन्सिल टोकदार हवी. रेघ एकसंध हवी, केसाळ नको. छाया देऊन फूल गुबगुबीत दाखवलंत तर गुण कापीन. भागांची नावं उजवीकडे, एकाखाली एक, आणि नावांकडे जाणाऱ्या रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही. 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हे वाक्य प्रश्नपत्रिकेत दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी एकदा जास्वंद काढली होती. नावं सगळी बरोबर होती, पण फूल वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखं झालं होतं. बाईंनी खाली लाल शाईने तीन शब्द लिहिले होते: हे काय आहे?

म्हणून निवृत्तीनंतर बाई तैलरंगात चित्रं काढतात असं कळलं तेव्हा मी मनात एक प्रदर्शन मांडूनही टाकलं. दवबिंदूंसकट गुलाब, खालच्या कोपऱ्यात शास्त्रीय नाव, सगळं जागच्या जागी. प्रत्यक्षात त्यांच्या खोलीत शिरलो आणि समोर हा हिरवा लोट आणि हा लाल थर. तोंडातून निघालंच, "बाई, हे काय आहे?"

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "झाला का सूड उगवून?"

मग त्यांनी कुंडीतल्या कर्दळीचं एक फूल तोडून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, पाकळ्या दाखव. मी त्या मोठ्या, लाल, झुलणाऱ्या पाकळ्या दाखवल्या. चूक. त्या पाकळ्या नाहीतच, ते पुंकेसर आहेत. पराग तयार करायचं काम सोडून चपटे, रुंद, रंगीत झालेले वंध्य पुंकेसर. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, फिकट, खाली देठाशी अंग चोरून बसलेल्या. त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात पराग देणारा पुंकेसर एकच, आणि तोही अर्धा. त्याच्या एका कडेला परागकोशाचा अर्धा भाग चिकटलेला, उरलेला अर्धा पाकळीचं सोंग घेऊन मोकळा. मधला कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, तोसुद्धा चपटा, पट्टीसारखा. आणि हे फूल कुठूनही उभं कापलं तरी दोन सारखे अर्धे मिळत नाहीत.

"परीक्षेत नेहमी जास्वंद का विचारायचे, कळलं?" बाई म्हणाल्या. "जास्वंद आज्ञाधारक आहे. कर्दळ विचारली असती तर निम्मा वर्ग नापास झाला असता. तू धरून."

हातातलं फूल मी बराच वेळ फिरवत राहिलो. इतकी वर्षं कर्दळ बघतोय आणि जे बघत होतो ते फुलानेच रचलेलं होतं. हुबेहूब काढायचं म्हटलं तर नक्की कशाचं हुबेहूब काढायचं? अमूर्त चित्रांबद्दल मला फार प्रेम होतं असं नाही. रंग सांडला आणि वर सही केली, असं म्हणणाऱ्यांतलाच मी. पण त्या दिवशी जरा सरकून बसलो.

बाईंनी खणातून एक जाड बाड काढलं. चाळीसेक कागद, सगळे कर्दळीचे. कळी, फूल, गुंडाळी सोडवत वर येणारं पान, काटेरी बोंड, त्यातल्या काळ्या टणक बिया. प्रत्येक आकृतीला नावं, रेघा एकीला एक न छेदणाऱ्या. त्यांची पद्धत अशी की आधी हे सगळं काढायचं, जराही सूट न घेता. मग बाड खणात, खणाला कुलूप, आणि महिनाभराने कॅनव्हासला हात. तोवर जे विसरलं ते विसरलं. जे हाताला अजून आठवतंय तेवढंच रंगवायचं. "नावं पाठ असल्याशिवाय विसरता येत नाहीत," असं त्या म्हणतात. माझ्या वहीबद्दल हा टोला होता की काय, मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

ह्या वाटेने त्यांच्या आधी एक बाई गेलेल्या आहेत. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट. जन्म 1862चा, स्टॉकहोमच्या कला अकादमीत रीतसर शिक्षण, आणि पोटासाठी निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, वनस्पतींची चित्रं. 1906पासून त्या अमूर्त चित्रं काढू लागल्या, म्हणजे ज्यांच्या नावावर अमूर्त चित्रकला नंतर जमा झाली त्या मंडळींच्याही आधी. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं कोणाला दाखवू नका असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आमच्या बाईंना मात्र त्यांची ती भव्य चित्रं तेवढी भावत नाहीत. त्यांना आवडतात 1919 आणि 1920मधले 46 कागद. त्यांवर रानफुलं अगदी शास्त्रशुद्ध रंगवलेली आहेत आणि प्रत्येकाच्या शेजारी छोटे चौकोन, वर्तुळं, वळसे, त्या रोपाचा स्वभाव सांगणारे. एकाच पानावर वनस्पतिशास्त्र आणि अमूर्त चित्र. "दोन्हीकडे नावंच दिली आहेत," बाई म्हणाल्या, "भाषा तेवढी दोन."

हिरव्या रंगाची गोष्ट वेगळीच. झाडं काढणाऱ्या माणसाच्या पेटीत हिरव्या रंगाच्या चार नळ्या तरी असतील असं आपल्याला वाटतं. बाईंकडे एकही नाही. आमच्या चित्रातला तो गडद हिरवा काळा आणि पिवळा मिसळून केलेला आहे. मी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्यांनी पॅलेटवर समोर करून दाखवला. पिवळ्यात चिमूटभर काळा गेला आणि शेवाळ उगवल्यासारखा हिरवा झाला. नळीतला हिरवा सगळ्या झाडांना एकच गणवेश घालतो, असं त्यांचं मत. डच चित्रकार पीट मोंद्रियान तर ह्याच्याही पुढे गेला. 1911 आणि 1912च्या त्याच्या झाडांत फांद्या हळूहळू नुसत्या कमानी होत जातात, आणि पुढे सगळंच आडव्या-उभ्या रेघांवर येतं. हिरवा त्याला सोसवायचा नाही. पॅरिसच्या त्याच्या स्टुडिओत एक खोटं ट्युलिप होतं आणि त्याचं पानसुद्धा त्याने पांढरं रंगवलं होतं म्हणतात. इतकं वैर कशाला, असं आपलं मला वाटतं. पण पान आहे म्हणजे हिरवं असणारच, हे गृहीत धरणाऱ्या डोळ्याला तसा एखादा चिमटा बरा.

चित्र मला द्यायचं ठरलं तेव्हा बाईंनी सूचना दिल्या. मागे पेन्सिलने 'वर' लिहून बाण काढलाय, तो बघून टांग. काच लावू नकोस. अंधारात ठेवू नकोस, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. आणि हात लावू नकोस, अजून ओलं आहे.

"किती दिवसांत वाळेल?"

"वरून पंधरा दिवसांत. आतून कधी ते मला काय माहीत."

वाळणं हा शब्द इथे फसवा आहे. कपडा वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि तो हलका होतो. पान वाळतं तेही तसंच, आणि शेवटी चुरा होतं. तैलरंगातलं टर्पेंटाइन उडून जातं हे खरं, पण तेल कुठे जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळाचं घट्ट होतं. त्यामुळे जवसाचं तेल वाळताना हलकं होण्याऐवजी सुरुवातीला वजनाने वाढतं. थर जाड असेल तर वर साय धरते आणि आत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं ओल राहते. म्हणून तर खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवायचे असतात. उलटं केलं तर वरचा आधी आवळतो, खालचा मागून हलत राहतो, आणि चित्राला तडे जातात.

मला ह्यात गंमत वाटली ती दुसरीच. बाईंचा कॅनव्हास लिननचा. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. त्यावरच्या रंगातलं तेल जवसाच्या बियांचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्या झाडाच्या नावातच 'अत्यंत उपयोगी' असा शेरा मारून ठेवलाय, उसिटाटिसिमम. टर्पेंटाइन पाइनच्या चिकाचं, मागची चौकट लाकडाची, पहिलं रेखाटन कोळशाच्या कांडीचं. म्हणजे समोर कर्दळ दिसो न दिसो, भिंतीवर एक अख्खं रान टांगलेलं आहेच. आणि ज्या जवसाच्या जिवावर हे सगळं, त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकून मोकळं होतं. पाहुण्यांना कर्दळ सापडत नाही म्हटल्यावर मी हल्ली जवस दाखवतो. त्याने त्यांचं समाधान होत नाही, पण ते विषय बदलतात.

आता कबुली. चौथ्या दिवशी मी चित्राला हात लावला. 'रंग ओला आहे' ही पाटी वाचून बोट लावून बघणाऱ्या जातीचा मी आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. लाल थराच्या कडेला, जिथे तो हिरव्याला भिडतो, तिथे बोट अलगद टेकवलं आणि उचललं. बोटाला लाल ठिपका, आणि चित्रात बोटाचा ठसा, एकेक रेघ मोजता यावी असा. टर्पेंटाइनने पुसावा तर पुरतं वाटोळं व्हायचं. गप्प बसलो.

पुढच्याच महिन्यात एक जाणकार स्नेही आले. त्यांनी हात मागे बांधून चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, पुन्हा जवळ गेले आणि त्या ठशाशी थांबले. "बाकी सगळं अमूर्त ठेवलंय," ते म्हणाले, "पण इथे पानाच्या शिरा बघा कशा काढल्यात! हात आहे बरं का ह्या बाईंना." मी मान डोलावली. तेव्हापासून तीन जणांनी त्याच जागेची तारीफ केली आहे.

सव्वा वर्षाने बाई वार्निशची बाटली घेऊन आल्या. बोलता बोलता व्हॅन गॉगच्या 1890मधल्या गुलाबांवर आल्या. ते गुलाब त्याने गुलाबीच रंगवले होते. त्यातला लाल इतका कच्चा निघाला की उडून गेला, आणि आज संग्रहालयांतून लोक ते पांढरे गुलाब म्हणून बघतात. "माझा लाल उडायचा नाही," त्या म्हणाल्या आणि अंगठ्याचं नख सर्वांत जाड थरावर हलकेच दाबलं. नखाची चंद्रकोर उमटली.

"आत ओलं आहे अजून. आज नको."

मग त्यांची नजर खाली सरकली. बाईंच्या पिशवीत अजूनही भिंग असतं. ते काढून त्यांनी त्या ठशावर धरलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"ह्या शिरा माझ्या नाहीत."

मी सगळं सांगितलं. कधी, कुठल्या दिवशी, तारीफ करून गेलेल्या माणसांसकट. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चाकूने एका फटक्यात सपाट करता येईल, असं मीच सुचवलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही.

"बोट कुठलं?"

"तर्जनी."

"कुठल्या हाताची?"

"उजव्या."

त्यांनी चित्र उतरवायला लावलं, उलटं करून खुर्चीला टेकवलं. पिशवीतून पेन्सिल काढली, टोक बघितलं, पसंत पडलं नाही, पुन्हा केलं. मागच्या कापडावर बरोबर त्या जागेपासून उजवीकडे एक रेघ ओढली, एकसंध, 'वर'च्या बाणाला न छेदता, आणि रेघेच्या टोकाशी लिहिलं: तर्जनी, उजवी.

मग बाटली न उघडताच पिशवीत ठेवली आणि चित्र परत टांगायला सांगितलं.