रिक्षा थांबली तर?

"दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार?" आमचे काका प्रत्येक लग्नात विचारतात. त्यांना कसं सांगू, की गेले चार महिने मी पुण्यातल्या एका ऑफिसात बसून कुत्रा म्हणून जगतोय.

माझं काम गेममधले बग, म्हणजे चुका, शोधून नोंदवायचं. गेम विनोदी आहे. नायक गल्लीतलं गावठी कुत्रं. चपला पळवायच्या, टपरीसमोर केविलवाणं तोंड करून पार्ले-जी मिळवायचं. कल्पना नवी नाही म्हणा; २००३ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या 'डॉग्ज लाइफ'मध्ये कुत्र्याला वास रंगीत ढगांसारखे दिसायचे. आमच्याकडे ते नाही, पण नजर कुत्र्याचीच: सगळं निळं-पिवळं. लाल-हिरव्यातला फरक कुत्र्याला धड कळत नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कुठे ठाऊक होतं? हिरवळीवर पडलेली लाल चप्पल वीस मिनिटं शोधली आणि 'चप्पल लोड होत नाही' असा बग टाकला. त्याआधी 'कानाचं टोक गायब' हाही टाकला होता. आर्टिस्ट म्हणाली, "अरे, नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून काप देतात. रस्त्यावर कधी बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं.

डेमोच्या आदल्या संध्याकाळी खरी गंमत झाली. कुत्रा रिक्षामागे धावायचा, रिक्षा सिग्नलला थांबायची, हा मात्र धावतच. नाक मागच्या बंपरात, पाय जागच्या जागी, आणि मग एकदम उडून टपावरून पार आभाळात. प्रोग्रॅमर म्हणाला, "थांबवतो की. पण थांबल्यावर त्यानं काय करायचं?"

कुणालाच सांगता येईना. भुंकेल? चावेल? तासभर वाद घालून शेवटी चहाला खाली उतरलो. खाली लाल्या होता, प्रत्येक दुचाकीचा जन्मजात वैरी. प्रोग्रॅमरनं स्कूटर काढली. दुसऱ्या फेरीला लाल्या मागे लागला, तसा यानं करकचून ब्रेक मारला.

लाल्याही थांबला. दोन सेकंद टायरकडे बघत राहिला. मग मान वळवून समोरच्या भिंतीत असा काही रमला, जणू स्कूटर कुणी बघितलीच नाही. कान खाजवला, लांबलचक जांभई दिली, टायरवर पाय वर केला आणि निघून गेला.

"परत, परत! जांभई नीट आली नाही!" मोबाइल धरून मी ओरडलो. लाल्या कसला ऐकतोय!

पुढं जावं की मागं, हे ठरेना की प्राणी भलतंच काहीतरी करू लागतात, असं आर्टिस्टनं सांगितलं. आमच्या मीटिंगांचीही तीच तऱ्हा.

रात्री दोनपर्यंत ती जांभई बसवली. सकाळी पाहुण्यांनी आम्ही घासूनपुसून लिहिलेले सगळे विनोद गंभीर चेहऱ्यानं पाहिले. जांभईला मात्र एकजण खुर्चीतून घसरला.

मी बग बंद केला. दहा मिनिटांत नवा उघडला: 'कुत्रा झोपेतही पाय वर करतो.'