ब्लॅक बुकवरची सही एआयच्या टक्क्यात अडकते तेव्हा: माझा अनुभव

एम.ई. स्ट्रक्चर्सचं डिझर्टेशन, म्हणजे पदवीचा प्रबंध. त्याच्या बांधलेल्या अंतिम प्रतीला ब्लॅक बुक म्हणतात. विषय फ्लॅट स्लॅब, म्हणजे बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेला स्लॅब. मॉडेल, ॲनालिसिस, गाईडची सही, सगळं वेळेत झालं. अडलं ते शेवटच्या रिपोर्टवर. सिमिलॅरिटी, म्हणजे इतर मजकुराशी साम्य, 10 टक्क्यांच्या आत होती, पण त्यासोबत दुसरा आकडा आला: एआयने लिहिलेला मजकूर. तो बराच वर होता. विभागाने सांगितलं, "हाही 10च्या आत आणा, मगच ब्लॅक बुकवर सही."

हे 10 कुठले, याचं उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं. 10 टक्क्यांची मर्यादा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत आहे आणि ती साम्यासाठी आहे. 10पर्यंत कारवाई नाही. 10 ते 40 असेल तर जास्तीत जास्त 6 महिन्यांत दुरुस्त प्रत द्यायची. 40 ते 60ला वर्षभर सादर करायला बंदी. 60च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रमाणित समीकरणं, सलग 14 शब्दांपर्यंतचं साम्य हे मोजायचंच नाही. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. 2018चा आकडा उचलून एआयच्या रकान्यात टाकायला कसलाच आधार नाही.

शिवाय साम्य दाखवताना मूळ मजकूर शेजारी ठेवता येतो. एआयच्या टक्क्यामागे असं काही नसतं, वाक्याच्या ठेवणीवरून बांधलेला तो अंदाज असतो. माझ्या रिपोर्टमध्ये रंगवून आलेला परिच्छेद मेथडॉलॉजीचा होता: एम 25 काँक्रीट, एफई 500 स्टील (दोन्ही मजबुतीचे ग्रेड), कॉलमच्या कडेपासून प्रभावी खोलीच्या निम्म्या अंतरावर क्रिटिकल सेक्शन (जिथे ताण तपासतात तो छेद). हे कोणीही याच शब्दांत लिहील. त्यातून आपलं इंग्रजी शिकलेलं, सरळ, साच्यातलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरांना दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के एआयचे ठरले. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केला. टर्निटिन हे तपासणीचं सॉफ्टवेअर तर 1 ते 19मधला आकडा दाखवतच नाही, नुसतं तारांकन येतं. म्हणजे तिथे "10च्या आत" ही अट तपासताही येत नाही.

आणि या अटीचा परिणाम काय होतो? कॉलेजबाहेर डीटीपीवाले "एआय काढून देतो" म्हणतात. स्वतः लिहिलेला मजकूर दुसऱ्या एआयमधून फिरवून आणायचा! त्यात "शिअर" (कातर बल) या शब्दाच्या जागी भलताच शब्द बसला तरी टक्का खाली येतो. प्रामाणिक मुलांना हे करायला लावणं मला आजही सहन होत नाही.

खरा धोका त्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. पंचिंग शिअर, म्हणजे कॉलम स्लॅबला भेदून जाईल का, हे पडताळताना चॅटबॉटने आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाचं नाव घेऊन 0.33 गुणिले काँक्रीटच्या स्ट्रेंग्थचं वर्गमूळ हे सूत्र दिलं. ते अमेरिकन एसीआय या मानकाचं आहे. तिथे सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्याची स्ट्रेंग्थ घेतात आणि वर 0.75ने गुणतात. आपल्याकडे कलम 31.6.3 प्रमाणे क्यूबच्या (घनाकार नमुन्याच्या) स्ट्रेंग्थचं वर्गमूळ गुणिले 0.25. चौरस कॉलम असेल तर एम 25ला 1.25 न्यूटन प्रति चौरस मिमी. चॅटबॉटचं उत्तर 1.65. थेट 32 टक्के जास्त. फेल होणारा स्लॅब कागदावर पास होतो, आणि पंचिंगमध्ये स्लॅब आधी वाकून इशारा देत नाही, एकदम भेदला जातो. असले डिटेक्टर सलग गद्य वाचतात. गणितं, तक्ते, कोड त्यांच्या हिशेबात नसतात.

सुटका झाली ती लेखी अर्जाने. तोंडी वाद घालण्यात वेळ घालवू नका. अर्जात नियमाचा क्रमांक मागितला आणि सोबत तीन गोष्टी जोडल्या: फाईलची व्हर्जन हिस्टरी (कधी काय बदललं याची नोंद), हाताने केलेली गणितं, आणि एआय कुठे वापरलं याचं एक पान. ईटॅब्स या ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरचे तक्ते वाचणारी पायथन स्क्रिप्ट आणि इंग्रजीची दुरुस्ती, एवढंच त्यात होतं. प्रत्येकापुढे टूलचं नाव, प्रकरण क्रमांक आणि पडताळणी कशी केली ते. आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या पेपरमध्येही टूलचं नाव आणि भाग आभारात नोंदवावा लागतो, त्यामुळे हे पान पुढेही उपयोगी पडतं. मग विभागाने पंचिंगचा चेक समोर बसवून सोडवायला लावला. ही परीक्षा मला पूर्ण मान्य आहे. सही त्याच दिवशी झाली.

व्हर्जन हिस्टरी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. शेवटी सगळं एका नव्या फाईलमध्ये पेस्ट केलंत तर तो पुरावा गेला.

एक राहिलं. कन्सल्टंटकडून मिळालेला सॉइल रिपोर्ट किंवा ड्रॉइंग चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली. क्लायंटची लेखी परवानगी नसेल, तर प्रकल्पाचं नाव आणि ठिकाण काढून फक्त तुमचा प्रश्न द्या.