तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचं काळं, मागचं फिकं

सोसायटीचं पार्किंग असो, पेट्रोल पंप असो, नाहीतर मेव्हण्याच्या मुलाची मुंज, मोटरसायकल लावली की कुणीतरी विचारतंच. "पुढचं चाक कोरं करकरीत आणि मागचं रंग उडालेलं, असं का हो? पुढच्याला वेल्डिंग मारलं होतंत ना? मग वर सहा हजार कशाला घातलेत?" दर वेळी "जाऊ द्या हो" म्हणून सुटत आलो. आज सांगूनच टाकतो.

वेल्डिंग मारलं होतं, खरंय. लोणेऱ्याजवळ पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक आपटलं आणि रिमची कड आत दबली. पुण्यात एकानं गॅसची ज्योत मारली, लाकडाचा ठोकळा लावून घणानं कड सरळ केली. आतून केसाएवढी चीर निघाली, ती आर्गन वायूच्या वेल्डिंगनं भरली. नऊशे रुपये. घासून काळा स्प्रे मारल्यावर जोड कुठाय ते मलाच सापडेना. खूश झालो. आमच्या घरात वस्तू टाकायची पद्धत नाही. वडिलांच्या गाडीच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काका घरीच काढायचे. चाक धरणाऱ्या चिमट्याला खडू टेकवून चाक फिरवायचं, खडू घासेल त्या बाजूच्या तारा थोड्या सैल करायच्या, समोरच्या आवळायच्या. 36 तारांतली एक तुटली तर एकच बदलायची. अख्खं चाक बदलतात हे मला ठाऊकच नव्हतं.

पण माझं चाक तारांचं नव्हतं, मॅगव्हील होतं: अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं ओतलेलं, आत ट्यूब नाही, हवा रिमच अडवते.

सप्टेंबरातला रविवार. महाडला निघालो होतो, मागं मुलगी, अकरा वर्षांची. ताम्हिणी उतरताना हँडल जड वाटायला लागलं. वाटलं, रस्ता ओला आहे. पुढच्या वळणावर हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढचं चाक नाचतंय." डावीकडे दरीचा कठडा होता. पुढचा ब्रेक दाबायचा नाही एवढंच सुचलं. गिअर पाडत, मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली. टायर जवळजवळ बसला होता. ती उतरली आणि काही न बोलता हेल्मेट काढून हातात धरून उभी राहिली. मी वाकून चाकाकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघायचं नव्हतं.

खालच्या टपरीवर भांडी घासायचा साबण मागून घेतला, पाण्यात कालवून रिमवर सोडला. मोहरीएवढे बुडबुडे एका रेषेत फुटत होते. वेल्डिंगवर नाही, त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याशी भांडायला गेलो. तो म्हणाला, "साहेब, माझा टाका शाबूत आहे." होताच. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलताच मऊ पडतं, किती तापलं ते डोळ्यांना कळत नाही. कारखान्यात ओतलेलं चाक ठरावीक उष्णता देऊन कडक केलेलं असतं. ज्योतीनं तो कडकपणा टाक्याच्या आजूबाजूला उतरतो आणि पुढचा हादरा तिथं बसतो. हे मला नंतर कळलं असं मी सांगत असतो. खरं म्हणजे त्यानं आधीच विचारलं होतं, "पुढचं चाक आहे, नवंच बघता का?" मी म्हटलं, "तुम्ही मारा हो."

आणि खूण मिळत नव्हती असंही नाही. वेल्डिंगनंतर दर चार दिवसांनी हवा भरत होतो. 25 भरायची, शुक्रवारी 20. बायकोला सांगायचो, हवा सगळ्यांचीच उतरते.

म्हणून पुढचं नवं. पटलं? मग लगेच पुढचा प्रश्न येतो: मागचंही ठोकूनच घेतलंय ना, ते का नाही बदललंत? त्याला माझ्याकडे उत्तरं आहेत. त्याला चीर नव्हती. ते गरम न करता जॅकवर दाबून सरळ केलं. तीन वर्षं चाललंय. मागचं बसलं तर निदान हँडल हातात राहतं. ही सगळी उत्तरं खरी आहेत, आणि पोरगी बसते ती मागच्याच चाकावर, हेही खरं आहे. नऊशे रुपयांत खूश झालेला तो माणूस असाच एकेक कारण मोजून दाखवायचा.

वेल्डिंगवाल्यांच्या पोटावर पाय आणायचा नाही. कड नुसती दबली असेल, चीर नसेल, तर मी आजही दाबून घेईन. की घेणार नाही? खड्डा लागला की ठरवेन.

परवा मागच्या चाकात 28 भरली होती. आज सकाळी 26 दाखवली. थंडी पडलीय, त्यामुळं असेल.