न्यूटच्या टाकीत फिल्टरचा जोर कसा आवरायचा

मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टर मागितला की ठरलेला सल्ला मिळतो: टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं पाहिजे. माशांसाठी तो ठीक आहे. चायनीज फायर-बेली न्यूट (पालीसारखा दिसणारा छोटा, शेपटीवाला उभयचर प्राणी) मात्र पूर्व चीनमधल्या तळ्यांत आणि भातखाचरांत, साचलेल्या किंवा जेमतेम हलणाऱ्या पाण्यात राहतो. त्याला पोहायचं असतं ते वर येऊन हवेचा घोट घेण्यापुरतं. बाकी वेळ तो तळाशी चालतो. प्रवाहाशी झगडायला लागलं तर तो खाणं सोडतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत २२ सेंटिमीटर पाणी भरलं की सुमारे ४० लिटर होतं. वाळू, दगड, लाकूड वजा केलं तर उरतं ३५. दुकानातला लहान इंटर्नल (टाकीच्या आत बसणारा) फिल्टर ताशी ३०० लिटरचा असला, तरी हे पाणी तासाला साडेआठ वेळा फिरतं. पण न्यूटला लिटर जाणवत नाहीत, वेग जाणवतो. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मिलिलिटर. हे पाणी १२ मिलिमीटरच्या एकाच तोंडातून आलं तर वेग सेकंदाला ७४ सेंटिमीटर होतो. तेच पाणी ५ मिलिमीटरच्या १५ भोकांतून सोडलं तर तो २८ वर येतो. बाहेर पडायची जागा वाढवा, वेग आपोआप उतरतो.

म्हणून स्प्रे बार, म्हणजे ओळीने भोकं पाडलेली नळी. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचा २५ सेंटिमीटरचा तुकडा, एका टोकाला एंड कॅप, दुसरं टोक लवचिक नळीने फिल्टरला. सॉल्व्हंट सिमेंट लावू नका. घट्ट बसवलेलं पुरतं आणि धुवायला काढताही येतं. दीड-दीड सेंटिमीटरवर ५ मिलिमीटरच्या बिटने भोकं पाडा आणि आतला बर (भोकाच्या कडेला उरलेलं प्लास्टिक) कानशीने साफ करा. नेहमीची चूक म्हणजे भोकं २ मिलिमीटरची पाडणं. ‘बारीक धार म्हणजे सौम्य धार’ हा समज उलटा आहे. बारीक भोकांतून पिचकारी उडते. दुसरी भानगड बंद टोकाची. तिथे दाब वाढतो, त्यामुळे शेवटच्या भोकांतून जास्त पाणी येतं. तिथली तीन-चार भोकं ४ मिलिमीटरची ठेवली की धार बऱ्यापैकी सारखी होते. बार आखूड बाजूला, पाण्याखाली ३-४ सेंटिमीटरवर, भोकं काचेकडे तोंड करून बसवा. पाणी आधी काचेवर आपटतं, जोर तिथेच मरतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर बाहेर जाणाऱ्या नळीवर कॉक बसवून पाणी कमी करा. आत ओढणाऱ्या बाजूला कधीही आवळू नका: पंप उपाशी राहतो, हवा ओढतो, खरखरतो आणि इंपेलर (आतलं फिरतं चाक) झिजतो. खरा प्रवाह किती, हे खोक्यावर वाचून कळत नाही. एक लिटरचं माप धरा आणि ते भरायला लागणारे सेकंद मोजा. ३६०० ला त्या आकड्याने भागलं की ताशी लिटर मिळतात. १२ सेकंद लागले तर ३००, ४० लागले तर ९०. न्यूटला ७० ते १०० भरपूर झाले.

खरं तर एक-दोन न्यूटसाठी हे सगळं टाळता येतं. एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर घ्या. मोटर पाण्याबाहेर असल्याने टाकी तापत नाही, आणि पुण्यात हा मुद्दा लहान नाही. या प्राण्याला १६ ते २२ अंश मानवतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच त्याच्या वर असतं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-चार अंश उतरतं. पावसाळ्यात हवाच दमट, मग पंख्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, पातळी खाली जाते, आणि काठावर टांगलेला फिल्टर असेल तर त्याची धार उंचावरून पडून जोर वाढतो. भर टाकताना गार, क्लोरीन काढलेलं पाणीच वापरा. नळाचं पाणी बंद असेल त्या दिवसासाठी एक बादली आधीच भरून ठेवलेली बरी.

स्पंज फिल्टरचे बुडबुडे कमी करायला एअर पंपाची नळी चिमटू नका. आतला रबरी पडदा फाटतो. टी-जोड लावा, दुसऱ्या फांदीला व्हॉल्व्ह, आणि जास्तीची हवा बाहेर सोडून द्या. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं.

पंपवाल्या फिल्टरच्या इनटेकच्या (पाणी आत ओढणाऱ्या तोंडाच्या) फटींत न्यूटची बोटं आणि शेपटी अडकते. जाड छिद्रांचा स्पंज त्यावर चढवा. दोन-तीन आठवड्यांनी तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

प्रवाह कमी केल्याची किंमत हाताने चुकवावी लागते. कोपऱ्यांत घाण साचते, उरलेलं गांडूळ किंवा ब्लडवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या) कुजून अमोनिया वाढतो. खाणं दिल्यावर तासाभरात उरलेलं काढा. औषधाच्या दुकानातली ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला जोडलेली एअर पंपाची बारीक नळी यासाठी पुरते.

न्यूट सतत पाण्याबाहेर बसत असेल तर सगळा दोष प्रवाहावर ढकलू नका. आधी तापमान बघा, मग अमोनिया. दोन्ही ठीक असतील तर फिल्टर तासभर बंद करा. न्यूट खाली उतरून फिरू लागला, तर कारण प्रवाहच. बंद फार वेळ ठेवायचा नाही, स्पंजमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. धारेसमोर कुंडीचा तुकडा आणि दूरच्या कोपऱ्यात जावा मॉसचा (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा) गुच्छ ठेवला तर निवांत जागा मिळते. पिल्लांना कल्ले असतात आणि ती आणखी नाजूक. त्यांना स्पंज फिल्टरच, तोही अगदी मंद.

झाकण मात्र विसरू नका. पाण्याबाहेर आलेला पाइप किंवा वायर म्हणजे न्यूटला आयती शिडी, आणि ओल्या काचेवरही तो चढतो. वायरीसाठी ठेवलेली फट स्पंजने बुजवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, त्याच्या कातडीत विष असतं. पाणी बदलताना काढलेलं पाणी ओढ्यात किंवा नदीत ओतू नका, आणि कुणी हिमालयातला देशी न्यूट विकायला आणला तर घेऊ नका; तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो.