मधल्या तीस सेकंदांचे काय?

मेंदूतली गाठ काढण्यापूर्वी न्यूरोसर्जनला एक गोष्ट माहीत करून घ्यायची असते: या माणसाची भाषा मेंदूत कुठे आहे आणि गाठीची कड तिथून किती दूर आहे. फंक्शनल एमआरआय करून तो नकाशा काढणे हे माझे काम. नातेवाइकांना आम्ही सांगतो की साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो आणि हा मेंदूचे काम दाखवतो. हे पुरते खरे नाही. चेतापेशींचे काम यंत्राला दिसतच नाही. पेशी कामाला लागल्या की त्या भागात गरजेहून जास्त ताजे रक्त येते, प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण तिथे घटते आणि चुंबकीय संकेत किंचित वाढतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवून दिलेल्या या परिणामावर आमचा सगळा कारभार चालतो. संकेतातला फरक जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, आणि तोही पाच-सहा सेकंद उशिराने शिगेला पोहोचणारा.

ज्यांच्याबद्दल लिहीत आहे त्या बाई पन्नाशीच्या, व्यवसायाने मुद्रितशोधक. एकदा बोलता बोलता त्यांची वाचा बंद झाली आणि काही मिनिटांनी परत आली. ती आकडी होती, आणि तिच्या मागे डाव्या ललाटखंडात, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागात, सावकाश वाढणारी गाठ निघाली. त्या डावखुऱ्या होत्या, आणि खरी मेख तिथेच होती. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभर माणसांतल्या पंचाण्णवांच्या आसपास लोकांची भाषा डाव्या गोलार्धात असते. डावखुऱ्यांमध्ये हे प्रमाण सत्तरच्या घरात येते; उरलेल्यांची भाषा उजवीकडे असते किंवा दोन्हीकडे विभागलेली असते. त्यामुळे गाठ भाषेच्या शेजारी आहे की नाही, हे अंदाजाने सांगण्याची सोय नव्हती.

लोकांना वाटते, यंत्र सगळे करते. माझ्या मते अर्धी तपासणी यंत्र सुरू होण्याआधीच होते किंवा बिघडते. पडद्यावर एक अक्षर दिसेल, त्यापासून सुरू होणारे शब्द तीस सेकंद मनातल्या मनात आठवायचे. अधिकचे चिन्ह आले की तीस सेकंद स्वस्थ पडायचे. अशी आवर्तने सुमारे पाच मिनिटे चालतात. शब्द आठवताना माणसाची जीभ नकळत हलते, हनुवटी ताणली जाते आणि तिच्याबरोबर डोके हलते. ही हालचाल नेमकी कामाच्या तालावर होत असल्यामुळे नकाशात मेंदूच्या कडेने खोटे रंग उमटतात, आणि ते हालचालीचे आहेत हे ओळखायला मुरलेली नजर लागते. म्हणून मी रुग्णाला आत नेण्याआधी बाहेर खुर्चीवर बसवून सराव करून घेते, गालांशी फोमच्या उशा अशा बसवते की डोके दाबले जाऊ नये पण वळूही नये, आणि जीभ खालच्या दातांमागे टेकवून ठेवायला सांगते. घाईत काम उरकणारे सहकारी यावर हसतात. त्यांचे नकाशे मी पाहिलेले आहेत.

बाईंची हालचाल अर्ध्या मिलिमीटरच्याही आत होती. इतकी स्वच्छ माहिती क्वचित मिळते. मागच्या बाजूला दृष्टीचा भाग ठसठशीत उमटला होता, म्हणजे त्या जाग्या होत्या आणि पडदा त्यांना दिसत होता. भाषेच्या जागी मात्र दोन्ही गोलार्ध कोरे होते.

आमच्या शिकाऊ डॉक्टरांनी रंगांचा उंबरठा, म्हणजे संकेतात किती फरक दिसला की जागा रंगवायची ती मर्यादा, खाली ओढायला सुरुवात केली. तो पुरेसा खाली आणला की काहीतरी उमटतेच. तसे उजवीकडे चार ठिपके उमटले आणि भाषा उजवीकडे असल्याचे त्यांनी जाहीरही करून टाकले. 2009 मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली होती. एकाच वेळी हजारो जागा तपासल्याने येणाऱ्या योगायोगांची दुरुस्ती न करता आकडेमोड केली, तर त्या मृत माशाच्या मेंदूतही सक्रिय ठिपके सापडत होते. हा दाखला आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, आणि उंबरठा ओढताना तो कुणालाही आठवत नाही.

रेडिओलॉजिस्टांचे स्पष्टीकरण अधिक जबाबदार होते. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात, त्यामुळे पेशी काम करत असूनही रक्ताचा प्रतिसाद येत नाही. हे खरेच घडते. पण गाठ होती ललाटखंडात. तिच्यापासून बऱ्याच दूरचा, कानामागचा भाषेचा भागही कोरा का असावा, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

मी आत गेले, बाईंना बाहेर घेतले आणि विचारले, "ताई, मधल्या वेळात काय करत होतात?"

"राहिलेले शब्द पुरे करत होते," त्या म्हणाल्या. "अहो, 'प'वरून इतके शब्द सुचत होते, ते अर्धवट कसे सोडायचे? आणि त्यातल्या कशाकशाचे ऱ्हस्व-दीर्घ लोक चुकवतात, तेही मनात लावून पाहत होते."

आमचे सारे गणित वजाबाकीचे आहे. कामाच्या वेळेचा संकेत घ्यायचा, विश्रांतीचा त्यातून वजा करायचा, उरेल ते रंगवायचे. भांड्यासकट वजन करून भांड्याचे वजन वजा करण्याची रीत तेव्हाच चालते, जेव्हा भांडे रिकामे असते. बाईंनी शब्दांतून शब्द वजा केले होते, आणि उरले शून्य. विश्रांतीत मेंदू रिकामा नसतो, हे आमच्या क्षेत्राला नवीन नाही. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्येच मांडले होते की माणूस स्वस्थ असतानाही मेंदूचे काही भाग आपली ठरलेली कामे करत असतात. तरीही आमच्या सूचनापत्रकावर आजही छापलेले आहे: 'मन शांत ठेवावे.' हे छापणाऱ्याने स्वतः कधी यंत्रात पडून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या वेळी मी विश्रांती काढूनच टाकली. मधल्या तीस सेकंदांत निरर्थक आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही सारख्या असतील तर बटण दाबायला सांगितले. त्या चोख माणसाने ते कामही चोख केले. डावा ललाटखंड उमटला, कानामागचा भागही उमटला, आणि रंगाची एक पट्टी गाठीच्या मागच्या कडेला चिकटून होती. उजवीकडचे ते ठिपके कुठेच नव्हते.

शस्त्रक्रिया बाईंना जागे ठेवून झाली. चित्रे ओळखून नावे सांगताना मेंदूच्या पृष्ठभागावर जागोजागी सौम्य विद्युतप्रवाह देतात; ज्या जागी नाव अडते, ती जागा सोडायची. गाठीच्या मागच्या कडेला, आम्ही रंगवलेल्या पट्टीवरच, बाईंची वाचा थांबली. गाठीचा तेवढा भाग सर्जननी तसाच ठेवला. पण आमच्या नकाशात तितकीच भडक रंगलेली आणखी एक जागा होती. तिथे प्रवाह दिल्यावरही बाई न अडखळता नावे सांगत राहिल्या. एखादा भाग कामात सहभागी असतो, याचा अर्थ त्याच्यावाचून ते काम अडते असा होत नाही, आणि आमचे रंग या दोहोंत भेद करू शकत नाहीत. नंतर काही दिवस बाईंना शब्द उशिरा सुचत होते. पुढे बोलणे पूर्ववत झाले.

पहिला नकाशा चुकीचा होता, असे मात्र मला म्हणता येत नाही. दोन वेळांत फरक नव्हता, आणि त्याने तो नसल्याचेच दाखवले. सांगितले की थांबणारी दुसरी कुणी व्यक्ती त्यांच्या जागी असती, तर याच पद्धतीने सुंदर नकाशा निघाला असता आणि मधल्या तीस सेकंदांबद्दल कुणी एक शब्द विचारला नसता. आजवर पाठवलेल्या किती नकाशांत असे झाले असेल, हा हिशेब मी मांडू शकत नाही.

आता मी प्रत्येकाला विचारते. कुणी यंत्राचे ठोके मोजत असतो, कुणी मनात डॉक्टरांशी वाद घालत असतो. एकाने सांगितले की काही विचार करायचा नाही, हेच तो स्वतःला बजावत होता. अहवालात यासाठी रकाना नाही. मी शेऱ्यात लिहिते आणि अंतिम प्रतीतून ते गाळले जाते, कारण वरिष्ठांच्या मते त्या रुग्णाच्या गप्पा आहेत. रकान्यासाठी अर्ज दिलेला आहे. पण ज्यांची वाचा गाठीने आधीच नेलेली आहे, त्यांना हा प्रश्न कसा विचारायचा, ते मला अजून सुचलेले नाही. त्यांचे कोरे नकाशे आम्ही आजही प्रतिसाद नसल्याचा शेरा मारून पुढे पाठवतो.